गॉफांच्या रांगेतला तारा

१

हातात झेंडा होता आणि तो खोवायला तारा नव्हता.

मेमोरियल डेच्या, म्हणजे सैनिकांच्या स्मरणाच्या सोमवारच्या, आधीचा शुक्रवार. मी आमच्या हॅरोज फोर्डच्या दफनभूमीत गॉफांच्या रांगेत उभी होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात लढलेल्या माणसांच्या थडग्यांशी बिडाचे पंचकोनी तारे रोवलेले आहेत. युद्धानंतर त्यांच्याच साथीदारांनी ते एकेक करून बसवले. दर वर्षी आम्ही त्यांच्या मागच्या नळीत छोटे झेंडे खोवतो. तारा दिसला की झेंडा, एवढं साधं काम आहे. चौदा झेंडे लावून झाले होते. पंधरावा एसा गॉफचा. पण त्याच्या दगडाशी तारा नव्हता, होतं ते फक्त मातीतलं एक भोक.

मी लोइस पिंकहॅम. गावच्या लायब्ररीच्या तळघरात जुन्या कागदपत्रांची खोली आहे, ती बावीस वर्षं मी सांभाळते. लोक आपले पणजोबा शोधायला येतात, मी त्यांना खोकी काढून देते. स्वभाव उतावळा. कॉफी निवेपर्यंत मला धीर धरवत नाही, रोज जीभ पोळते. त्यामुळे ते भोक बघताक्षणी चोर कोण ते मी ठरवून टाकलं.

हार्लन ब्रेक. दुसरं कोण?

कोर्टासमोरच्या हिरवळीवर यंदा नवा दगड बसतोय. आमच्या काउंटीतून गेलेल्या पायदळ रेजिमेंटच्या 'सी' कंपनीतले जे जे इथे पुरलेत, त्यांची नावं त्यावर कोरायची. समितीचा अध्यक्ष हार्लन, कंपनीच्या कॅप्टनचा पणतू. मंगळवारच्या बैठकीत अर्डिथ एकल्सने, म्हणजे गावातल्या प्रत्येकाची वंशावळ त्याच्यापेक्षा जास्त जाणणाऱ्या बाईने, हजेरीपटाची नक्कल वाचून दाखवली. एसा गॉफ, वय बावीस, उंची पाच फूट तीन इंच, डोळे करडे. सप्टेंबर १८६३ मध्ये इस्पितळातून पळून गेला.

"पळपुट्याचं नाव माझ्या पणजोबांच्या खाली कोरायचं?" हार्लन गरजला. "आणि तो ताराही उपटून टाका!"

पहिल्या रांगेत एसाची पणती बसली होती. व्हर्ना गॉफ, वय चौऱ्याऐंशी, सगळं गाव तिला आंटी म्हणतं. पाच वर्षांची असल्यापासून त्या ताऱ्यात ती झेंडा लावत आलीय. जाण्याआधी ते नाव दगडात बघायचंय, एवढंच तिचं मागणं होतं. मांडीवरची पर्स तिने फक्त जवळ ओढली.

निकाल शनिवारी अकराला लागणार होता. म्हणजे माझ्या हातात एक दिवस होता.

२

एमेट स्ट्राउड हिरवळीवर 'ब्रेक'मधला 'के' कोरत होता. एकाहत्तर वर्षांचा, बुटका, निवृत्त पाथरवट. या कामासाठी त्याला मुद्दाम परत बोलावलेलं. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्याने 'के'चा पाय पूर्ण केला, फुंकर मारली, मग माझ्याकडे पाहिलं.

"झालं बोलून?"

"एमेट, चोरी झालीय! तू काय अक्षरं गिरवतोयस?"

"तुझ्या कागदावर चुकलं तर खोडता येतं, बाई. माझ्या दगडात नाही. ते नाव कोरायचं की नाही, हे मलाही कळायला हवंय. चल."

दफनभूमीत तो एसाच्या दगडापाशी उकिडवा बसला. गवताची काडी घेऊन भोकात घातली. चार बोटं गेली आणि टेकली.

"ताऱ्याचा गज हातभर असतो," तो म्हणाला.

"मग?"

"मग काही नाही. इथे कुणीतरी गुडघे टेकलेत. गवत नीट बाजूला सारलंय. शेजारी ही काठीची खूण."

"हार्लन काठी घेऊन चालतो!" मी जवळजवळ ओरडले.

एमेट ऐकतच नव्हता. तो शेजारच्या ठेंगण्या दगडाकडे सरकला होता. केझाया गॉफ, एसाची धाकटी बहीण, १८४२ ते १८९१. लग्न नाही, मूल नाही. दगडाच्या खालच्या कोपऱ्यातलं दगडफूल त्याने नखाने खरवडलं, मग एसाच्या दगडाचा तोच कोपरा पाहिला. १८४० ते १९०४. पुन्हा केझायाचा.

"काय आहे?"

"गंज."

"लोखंड म्हटल्यावर गंज असणारच की. चल ना आता, हार्लन जेवायला बसला की दार उघडत नाही."

३

हार्लनने दार उघडलं, पण पाव इंचच.

"तारा? मी कशाला काढू? मी तर सोमवारी सगळ्यांसमोर काढणार होतो. बँड वाजत असताना."

"काठी दाखव तुझी," मी म्हणाले.

त्याने दार पूर्ण उघडलं आणि काठी माझ्या नाकासमोर धरली. अॅल्युमिनियमची, खाली चार पाय, चारींना रबर. "आणि दोन्ही गुडघे नवे बसवलेत, लोइस. खाली बसलो तर मला उठवायला फायर ब्रिगेड येते. अजून काही?"

एमेट मात्र शांतपणे म्हणाला, "हार्लन, कॅप्टनची पत्रं तुझ्या वडिलांनी लायब्ररीला दिली. नावं पडताळायला मी ती वाचली. सगळी दिली. फक्त सप्टेंबर त्रेसष्टचं एक नाही. पत्रांना आकडे घातलेत, एकतिसानंतर एकदम तेहतीस येतं."

हार्लन लालबुंद झाला.

"ते घरगुती आहे," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

सप्टेंबर त्रेसष्ट म्हणजे एसा पळाला तोच महिना. मी पायरीवरून जवळजवळ उडीच मारली. "बघितलंस? हा काहीतरी दडवतोय!"

"दडवतोय खरं," एमेट म्हणाला. "पण तारा नाही."

दफनभूमीचं गवत रॉइस प्यू कापतो. आधी त्याचा बाप कापायचा. आम्ही गेलो तेव्हा तो यंत्राच्या सावलीत सँडविच खात होता.

"मी कशाला घेऊ तारा? उलट मीच ते नीट ठेवतो. थंडीत माती फुगते, तारे वर येतात, यंत्राला अडकतात. मग उचलायचा आणि जवळच्या दगडापाशी रोवायचा."

"जवळच्या कुठल्या?" एमेटने विचारलं.

"जवळच्या बाप्याच्या. वडिलांनी शिकवलं तसं. तारा काय बाईच्या थडग्याला असतो होय?" तो हसला आणि लोणच्याची काकडी कराकरा चावत राहिला.

मीही हसले. आता लिहिताना लाज वाटते.

लायब्ररीत अर्डिथ माझी वाटच बघत होती. "तारा गेल्याचं कळलं. बरंच झालं," ती म्हणाली. मग आवाज खाली. "बैठकीत मी निम्मंच सांगितलं हं. लाजेखातर. रेजिमेंट गेली ऑगस्ट बासष्टमध्ये. एसाला एकही रजा नाही. आणि त्याचा मुलगा, व्हर्नाचे आजोबा, जन्मले जुलै त्रेसष्टमध्ये. मोज बोटांवर."

मी मोजले. दोनदा मोजले.

"म्हणजे पळपुटा तर होताच," अर्डिथ म्हणाली, "पण व्हर्ना मुळात गॉफ तरी आहे का, देव जाणे. उद्या अडून बसली, तर मला हे सगळ्यांसमोर वाचावं लागेल."

चौऱ्याऐंशीव्या वर्षी व्हर्नाचं आडनावही काढून घेणार होते.

४

"कुठे निघालास?" मी एमेटला विचारलं. तो गाडीत बसलाही होता.

"व्हर्नाकडे. रबर नसलेल्या लाकडी काठीवर चालणारं गावात आता एकच माणूस उरलंय."

मला आधी कळलंच नाही. आणि कळलं तेव्हा ते नको झालं.

व्हर्ना आंटीने आम्हाला स्वयंपाकघरात बसवलं, रुबार्बची आंबटगोड पेस्ट्री कापली. खिडकीत कॉफीच्या रिकाम्या डब्यांना चंदेरी कागद गुंडाळून ठेवलेला, सोमवारच्या फुलांसाठी. मी पेस्ट्रीकडे नुसती बघत होते.

"आंटी," एमेट म्हणाला, "तुमचे गुडघे दुखत असतील."

तिने सुरी खाली ठेवली. मग उठली, पिठाच्या पेटीचं झाकण उघडलं आणि टॉवेलात गुंडाळलेला तारा टेबलावर ठेवला.

"तो हार्लन सोमवारी सगळ्यांसमोर उपटणार होता, गावभर सांगत सुटलेला," ती म्हणाली. "बँड लावून. माझ्या घरच्याचा तारा आहे. काढायचाच तर मी काढीन, म्हटलं. हळूच." तिचा आवाज इतका वेळ नीट होता, आता फुटला. "एमेट, खरं सांग. पळाला का रे तो?"

मला रडू आलं. मी रुमाल शोधायच्या निमित्ताने पर्समध्ये डोकं घातलं.

तिच्या खुर्चीला टेकलेली काठी एमेटने हातात घेतली. "ही काठी कुणाची?"

"त्याचीच. एसाची. लंगडायचा तो, लढाईत जखम झालेली. त्याने स्वतः कोरलीय. बघ, भरतीचं सालही घातलंय."

मुठीखाली कोरलं होतं: ऑगस्ट '६२.

एमेट उभा राहिला, काठी टेकली आणि चार पावलं चालून दाखवलं. खांदा कानापाशी गेला. मी मोठ्याने हसले, आणि हसता हसता थांबले.

"माझी उंची पाच फूट तीन," एमेट म्हणाला. "ही माझ्या कामाची नाही."

"तुझ्या कशी होईल?" व्हर्ना म्हणाली. "एसा सहा फुटी होता. आम्ही गॉफ सगळे लांबडे. नुसती केझाया तेवढी ठेंगणी निघाली, म्हणे."

एमेट परत बसला. त्याने त्या दिवसातलं पहिलं घाईचं वाक्य उच्चारलं.

"लोइस, लायब्ररी किती वाजता बंद होते?"

५

त्याला साथीदारांचं इतिवृत्त हवं होतं. युद्धानंतर जुन्या सैनिकांनी गावात आपली संघटना काढली होती. कुणाला कुठे तारा बसवायचा याचे ठराव तिच्या वहीत आहेत.

"गॉफच्या ताऱ्याचा ठराव," तो म्हणाला.

मी कार्डांचा खण ओढला. 'गॉफ, एसा. तारा. वही दुसरी, पान ११८.' कार्ड माझ्याच अक्षरात. पान काढलं. ठराव असा होता: 'दिवंगत कॉम्रेड गॉफ यांच्या थडग्याशी तारा बसवावा. एकमताने मंजूर. सर्वांनी उभे राहून.'

"हे बघ, आहे!" मी म्हणाले.

"इतरांची नावं कशी लिहिलीत?"

मी पानं उलटली. पूर्ण नाव, हुद्दा, कंपनी. सगळ्यांचं. फक्त इथे नुसतं गॉफ. आणि 'सर्वांनी उभे राहून' हेही दुसऱ्या कुणासाठी नव्हतं.

"मग 'एसा' कुठून आला?"

"माझ्या कार्डावर..." मी म्हणाले आणि कार्ड खाली ठेवलं. आला माझ्याकडूनच. बावीस वर्षांपूर्वी, नवी नवी असताना, कार्ड लिहिताना मी हजेरीपट पाहिला होता. त्यात एकच गॉफ. मग मोकळी जागा भरून टाकली. अर्धवट कार्ड मला बघवत नाही. तेव्हापासून सगळे माझं कार्ड वाचतात. वही कुणी उघडतच नाही.

"तारीख वाच," एमेट म्हणाला.

मी वाचली. मग पुन्हा वाचली.

"उद्या अकरा," तो म्हणाला. "आणि हार्लनला फोन कर. ते पत्र घेऊन ये म्हणावं. नाही आणलं तर त्याच्या पणजोबांचं नाव कायमचं 'पळून गेला' या खोट्या शेऱ्याखाली राहील, असं सांग."

"हे तूच सांग ना!"

"मी सांगितलं तर तो विचार करेल. तू सांगितलंस तर घाबरेल."

६

शनिवारी कोर्टाच्या खालच्या हॉलमध्ये तीसेक माणसं होती. व्हर्ना पहिल्या रांगेत, काठी गुडघ्यांमध्ये. अर्डिथच्या मांडीवर फाइल. हार्लन ताठ बसलेला, कोटाच्या आतल्या खिशावर हात. मला खुर्चीत बसवेना, मी भिंतीपाशी येरझाऱ्या घालत होते.

एमेटने तारा टेबलावर ठेवला. तो कुठे होता ते सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही. सगळ्यांचं लक्ष व्हर्नाकडे गेलं आणि परत फिरलं.

"मला तीन गोष्टी जुळेनात," तो म्हणाला. "हजेरीपट म्हणतो, हा माणूस पळाला. पण तारा दिला तो त्याच्याच कंपनीतल्या माणसांनी. बरोबर चिखलात झोपलेल्या माणसांनी. पळपुट्याला ते तारा देतील? उभे राहून?"

मागच्या रांगांतल्या माना नकारार्थी हलल्या.

"दुसरं. हजेरीपटातला गॉफ पाच फूट तीन. काठीवाला गॉफ सहा फुटी. आणि काठी ऑगस्ट बासष्टची. हे भरतीचं साल नाही, आंटी. रेजिमेंट निघाली त्या महिन्यात तुमचे पणजोबा पाय मोडून पडले होते. अंथरुणात बसून माणूस काय करणार? काठी कोरणार. पुढच्या जुलैत मुलगा झाला, कारण ते घरीच होते. अर्डिथ, ती फाइल मिट."

अर्डिथने फाइल मिटली. पण गप्प बसेल ती अर्डिथ कसली! "मग हजेरीला कोण होतं? भूत?"

"तिसरं तेच. तारा एसाच्या दगडाशी जेमतेम चार बोटं रोवलेला होता, गवतवाले रोवतात तसा. जुना गंज शेजारच्या दगडावर आहे. खोल मुरलेला, वर दगडफूल चढलेला. तारा मुळात तिथला. थंडीने वर आला, कुणीतरी बाईच्या थडग्याशी बघितला, चुकून आला असेल म्हणाला आणि जवळच्या बाप्याला देऊन टाकला. लोइस, ठरावाची तारीख."

"नऊ मे अठराशे एक्क्याण्णव," मी म्हणाले. "'दिवंगत' कॉम्रेड गॉफ. एसा वारला एकोणीसशे चारमध्ये. एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये वारली ती केझाया." आणि मग, कुणी विचारलं नसताना, सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "कार्डावर एसाचं नाव मी घातलं. माझ्या मनाने. चूक माझी आहे."

रॉइस प्यू मागच्या रांगेत टोपी हातात घेऊन उभा राहिला होता. "अरे देवा," तो म्हणाला. "माझ्या बापाने... मीसुद्धा..." आणि खाली बसला.

"भावाचं नाव पटावर चढलेलं," एमेट म्हणाला. "तो उठू शकत नव्हता. तिने केस कापले असतील, त्याचे कपडे आखूड करून घातले असतील. वर्षभर कुणाला कळलं नाही. मग इस्पितळ आलं, आणि तिथे कपडे उतरवतात. आता इथून पुढे मला ठाऊक नाही. हार्लनला ठाऊक आहे."

सगळे वळले. हार्लनने खिशातून पाकीट काढलं.

"आमच्या घरात हे पत्र कुणी वाचत नाही," तो म्हणाला. "माझ्या आजीने लपवलं, आईने लपवलं, मी लपवलं. भावाला लिहिलंय पणजोबांनी." त्याने चष्मा लावला. "'मुलगी घरी पोचली का ते ताबडतोब कळव. ताप उतरला होता, पण अशक्त होती. इथे डॉक्टर आणि मी सोडून कुणाला माहीत नाही. आईला यातलं काही कळू देऊ नकोस. कागदावर मला जे लिहिता येईल ते मी लिहिलं, आणि त्याची मला लाज वाटते. पत्र जाळ.'" त्याने वर पाहिलं. "आम्हाला वाटायचं, म्हाताऱ्याने छावणीत बाई ठेवली होती."

कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले, हार्लनही, आणि हसताना त्याला डोळे पुसावे लागले. तीन पिढ्या बिचाऱ्या कॅप्टनला न केलेल्या पापासाठी झाकून ठेवलं होतं.

व्हर्ना हसली नाही.

"म्हणजे एसा गेलाच नाही," ती म्हणाली.

मला वाटलं, आपण हे काय करून बसलो. ती त्याचं नाव मागायला आली होती आणि आम्ही तिच्याकडून तोच काढून घेतला.

"नाही, आंटी," एमेट म्हणाला. "तो गेला नाही. पळालाही नाही." छिन्नी त्याने खिशातून काढून हातात धरली होती. "पटावरचं नाव एसा आहे. समिती म्हणेल, पटावरचंच कोरा. मी तुम्हाला विचारतो. काय कोरू?"

तिने काठीवर दोन्ही हात ठेवले. 'ऑगस्ट' या अक्षरांवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा.

"केझाया," ती म्हणाली. "पूर्ण. मोठ्या अक्षरात."

मंजुरीसाठी हार्लनने सगळ्यांत आधी हात वर केला.

७

सोमवारी सकाळी बँड सुरू व्हायच्या आधी आम्ही गॉफांच्या रांगेत गेलो. रॉइसने केझायाच्या दगडाशी पहार मारून हातभर खोल जागा केली होती आणि तो लांब जाऊन उभा होता. एमेटने तारा रोवला. गंजाच्या डागावर तो नेमका बसला.

मी झेंडा पुढे केला. व्हर्नाने तो घेतला, पण लगेच लावला नाही. आधी एसाच्या दगडाकडे वळली.

"इतकी वर्षं तिचा झेंडा घेऊन गप्प पडून राहिलास होय रे," ती म्हणाली. रागावून नाही, घरच्या माणसाला बोलतात तसं. मग डब्यातली पिओनीची दोन लाल फुलं काढून त्याला ठेवली. "पाय मोडला तर मोडला. घरी सांगायचं तरी."

ती गुडघ्यांवर बसली, आम्ही दोघांनी धरलं होतं. नळीत झेंडा खोवला, काडी सरळ केली आणि हात दगडावर ठेवून तशीच राहिली. तिकडे कोर्टापाशी ढोल वाजायला लागला. मला नेहमीसारखी घाई झाली नाही.

"हिच्यामागे कुणीच नव्हतं ना गं झेंडा लावायला?" तिने मला विचारलं.

"नाही, आंटी. मूलबाळ नव्हतं."

"मी होते की," ती म्हणाली. "एकोणऐंशी वर्षं. दोन पावलं चुकत होते, लोइस. पण येत होते दर वर्षी."

आम्ही तिला उठवलं. काठी मी तिच्या हातात दिली आणि तिघं मिळून कोर्टासमोरच्या नव्या दगडाकडे निघालो.